खलनायकांचा भटारखाना

मगदूम सरांना मी कधी मोठ्यानं हसताना पाहिलं नाही. आमच्या स्टाफरूममधला निम्मा हशा मात्र त्यांच्यामुळं असायचा. आम्ही सगळे पोट धरून वाकलेलो आणि ते हातातला कागद बाजूला धरून, हसू ओसरायची वाट बघत शांत उभे. ते आठवले की आधी हेच आठवतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात मुलींच्या एका हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवत होते, ते विज्ञान. कल्लाप्पा मगदूम मूळचे कागलच्या पलीकडचे, कर्नाटकाची हद्द जिथं शेताच्या बांधासारखी आडवी येते तिथले. घरी कानडी. वर्गात पुस्तकी मराठी इतकं स्वच्छ बोलायचे की इन्स्पेक्टरनं कान देऊन ऐकावं, आणि स्टाफरूमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की 'हाय' नि 'न्हाई' सुरू. अंगानं उंच, खांद्यात जरा वाकलेले. सकाळी कपाळावर ओढलेली विभूती दुपारपर्यंत पुसट व्हायची.

त्यांची एक खोड होती. डबे उघडले की ते प्रत्येकाच्या डब्यातलं चिमूटभर चाखायचे आणि निकाल द्यायचे. "मॅडम, मीठ मागनं पडलंय." "पोवार सर, वहिनी आज घाईत व्हत्या, कांदा पुरता परतला न्हाई." चित्रकलेचे पोवार सर चिडायचे, पण घरी विचारलं की ते खरं निघायचं. लग्न न केलेल्या माणसाला फोडणीतलं इतकं कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "आमच्या घरात एकजण आचारी हाय." मी पुढं विचारलं नाही.

ते कादंबरी लिहीत आहेत हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचे आणि नवं प्रकरण झालं की मधल्या सुट्टीत वाचून दाखवायचे. नाव होतं 'खलनायकांचा भटारखाना'. बाळू नावाचा एक साधा आचारी काम शोधत निघतो, गगनबावड्याच्या धुक्यात वाट चुकतो आणि डोंगराच्या पोटातल्या एका अड्ड्यात जाऊन पोचतो. तिथं जगाचा नाश करायला निघालेले सहा महाखलनायक राहत असतात. त्यांच्याकडं किरण सोडणारी यंत्रं असतात, उडत्या तबकड्या असतात, नसतो फक्त आचारी, कारण आधीचे आचारी त्यांनीच प्रयोगात संपवलेले असतात. बाळूला वाटतं, ही एखादी सहकारी संस्था असावी. माणसं सारखी मीटिंग घेतात, ठराव करतात आणि जेवायला उशिरा येतात.

त्यातला एक डॉक्टर सूर्य विझवायच्या खटपटीत असायचा, पण स्वतः अंधाराला भ्यायचा आणि बाळूला उशाशी कंदील ठेवायला लावायचा. एक बाई जगातल्या नद्या गोठवणार होती, पण थंडीनं तिचे गुडघे धरायचे. एकाकडं विस्मरणाचं यंत्र होतं. त्याचा किरण ज्याच्यावर पडेल तो मरायचा नाही, फक्त तो माणूस कधी होता हे बाकीचे सगळे विसरायचे. आणि सहावा आपल्याच जिल्ह्यातला. त्याच्याकडं कसलीही शक्ती नव्हती, यंत्र नव्हतं, पण अध्यक्ष तोच. भेटेल त्याला हात जोडून तो विचारायचा, "चहा घेतला का? प्रवास बरा झाला का?" त्या वाक्याला बाकीचे पाचही खलनायक टरकून असायचे.

प्रत्येक प्रकरणात बाळूला संपवायचा ठराव व्हायचा. त्यानं काहीतरी पाहिलेलं असायचं. आणि प्रत्येक वेळी काहीतरी आडवं यायचं. कधी यंत्राची तांब्याची नळी बाळूनं रस गाळायला काढून नेलेली, कधी मतदानात समसमान मतं पडलेली, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी हुग्गी असायची. हुग्गी म्हणजे सीमाभागात करतात ती गुळाची, खसखस घातलेली गव्हाची खीर. ती बाळूशिवाय कुणाला जमत नसे. मग अध्यक्ष गंभीरपणे सुचवायचे की विषय पुढल्या सभेत घ्यावा. इथं सगळी स्टाफरूम कोसळायची. सर कागद बाजूला धरून उभे.

मुलींनाही हा बाळू माहीत झाला होता. ऑफ तासाला त्या सरांकडून गोष्ट वदवून घ्यायच्या. शाळेच्या भिंतींवर कुणीतरी खडूनं टोपीवाला, हातात झारा घेतलेला बाळू आचारी काढून ठेवायचं, आणि मुख्याध्यापिका बाई तो पुसायला सांगायच्या तेव्हा त्याही हसायच्या.

पोवार सरांच्या ओळखीनं एकदा पुण्याचे एक प्रकाशक शाळेत आले. त्यांनी स्टाफरूममध्ये बसून तीन-चार प्रकरणं ऐकली, डोळे पुसपुसून हसले आणि पुस्तक काढू म्हणाले. अट एकच, शेवट हवा. बाळू सुटून घरी येतो तरी दाखवा, नाहीतर जगाला वाचवताना मरतो असं तरी करा, पण वाचकाला अधांतरी ठेवू नका. सरांनी मान डोलावली.

मग कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये शेवटाचाच विषय. प्रत्येकाकडं एकेक शेवट होता. पोवार सर म्हणाले, त्यात काय अवघड आहे, हुग्गीत विष घालायचं आणि सहाही जण एका पंगतीत आडवे.

सर एकदम ताठ झाले. "अण्णा कुणाच्या ताटात विष घालणार न्हाई," ते म्हणाले. मग आमच्याकडं बघून हळू आवाजात दुरुस्त केलं, "म्हणजे, बाळू."

बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं. माझ्या मनात मात्र ते अडकून राहिलं.

त्याच वर्षी थंडीत त्यांच्या आईला बरं नव्हतं म्हणून एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गावी गेले. कागलपर्यंत एसटी, पुढं वडापच्या, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या, जीपमध्ये कोंबून. दोन खोल्यांचं स्वच्छ सारवलेलं घर, दारात तुळस. आईला ते अव्वा म्हणायचे. अव्वांना मोतीबिंदू झाला होता, माणूस सावलीसारखा दिसायचा. भिंतीला टेकून, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर हात ठेवून त्या बसल्या होत्या. माझा हात चाचपला, जेवून जा म्हणाल्या, आणि लगेच मुलाकडं तोंड करून कानडीत काहीतरी विचारलं.

सरांनी पिशवीतून पाठकोरे कागद काढले आणि वाचायला सुरुवात केली. समोर मराठी, तोंडातून कानडी. मला कानडी अर्धवट कळतं, पण प्रकरण माझं ऐकलेलं होतं. त्याच आठवड्यात आम्ही त्यावर लोटपोट झालो होतो. इथं कुणी हसत नव्हतं. गावाहून आलेलं पत्र ऐकावं तसं अव्वा ते ऐकत होत्या. खलनायकांच्या सभेचं आलं की त्या हातानंच 'पुढं चल' म्हणायच्या. बाळूचं आलं की पुढं झुकायच्या. मध्येच त्यांनी थांबवून विचारलं. सरांनी कागदाकडं बघतच उत्तर दिलं. ते उत्तर कागदावर नव्हतं, हे मला शेजारी बसून दिसत होतं.

परतताना फाट्यावर जीपची वाट बघत उभे होतो तेव्हा मी विचारलं, अव्वांनी मध्येच काय विचारलं.

"तिकडं पाऊस लई असतो, अंगावर घ्यायला हाय का त्याला, म्हणाली. मी सांगितलं, घोंगडं दिलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. वर्गात धडा सांगावा तसं, क्रमानं.

बाळाप्पा हा त्यांचा थोरला भाऊ, अण्णा. पंचक्रोशीतल्या लग्नांचा आचारी. वडील लवकर गेले, तेव्हा अण्णानंच चुलीपुढं बसून धाकट्याला बी.एस्सी., बी.एड. केलं. पुढं गगनबावड्याकडं एका बड्या माणसाच्या बंगल्यावर त्याला कायमचं काम मिळालं. तिथं सारखी मोठी माणसं यायची, बैठका व्हायच्या. अण्णा घरी आला की त्यांच्या नकला करून अव्वाला हसवायचा. कोण काय खातं, कोण कशाला भितो, कोण मीठ जास्त झालं तरी साहेबांपुढं बोलत नाही. एका पावसाळ्यात तो बेंदराला, बैलांच्या सणाला, घरी आला नाही. कधी न चुकणारा माणूस. सर शोधत गेले.

बंगल्याच्या व्हरांड्यात साहेबांनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. चहा घेतला का, प्रवास बरा झाला का, विचारलं. मग म्हणाले, तुमचे भाऊ न सांगता गेले, कोकणात उतरले असावेत, आम्हालाही वाईट वाटलं. सर पाणी प्यायचं निमित्त काढून मागं स्वयंपाकघरात गेले. तिथं खिळ्याला अण्णाचा झारा टांगलेला होता, दांड्यावर नाव कोरलेला.

"आचारी कापडं ठेवून जाईल, मॅडम," सर म्हणाले. "झारा ठेवून जात न्हाई."

पोलिसांत सांगितलं तर तेही कोकणाकडंच हात दाखवायला लागले. नाक्यावरच्या चहावाल्यानं एवढंच पुटपुटलं की बंगल्यावर त्या आठवड्यात कायतरी भांडण झालं, आणि आचाऱ्यानं बघू नये ते बघितलं. पुढच्या खेपेला तोही बोलेना.

अव्वाला काय सांगायचं, हा प्रश्न होता. सरांनी सांगितलं, अण्णाला लांब काम मिळालंय, सुट्टी मिळत नाही. मग ती विचारायला लागली, कुणाकडं, कसली माणसं हायती. एकदा कायतरी सांगितलं, मग दुसऱ्यांदा, आणि मग विसरू नये म्हणून ते लिहून ठेवायला लागले. ती कादंबरी अशी झाली होती.

"म्हणून शेवट जमंना," ते म्हणाले. "घरी आणला तर अव्वा दारात जाऊन बसंल. आणि मारायचा म्हटला तर..."

जीप आली. वाक्य राहिलं.

त्यानंतर ती प्रकरणं ऐकायला मी स्टाफरूममध्ये बसायचे, पण कान वेगळे झाले होते. पुढच्याच प्रकरणात बाळूला भांडारातून एक घोंगडं मिळालं. सगळे हसले, कारण ते उडत्या तबकडीवर झाकायचं घोंगडं होतं.

पुढल्या वर्षीच्या बक्षीस समारंभाला जिल्ह्यातले एक बडे पुढारी पाहुणे म्हणून येणार होते. आमच्या संस्थेच्या वरच्या मंडळींशी त्यांची ऊठबस होती. आभार नेहमीप्रमाणं मगदूम सरांकडं, कारण आभाराला पांगलेली सभा तेच एका विनोदात पुन्हा खाली बसवायचे. साहेबांचं नाव सरांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

पाहुणे आले. पांढरे स्वच्छ कपडे, मऊ आवाज. व्यासपीठावर जाताना कडेला उभ्या असलेल्या सरांपुढं ते थांबले. त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "काय मास्तर, चहा घेतला का?"

मी मागंच होते. मी सरांकडं पाहिलं. सरांनी फक्त नमस्कार केला.

भाषणं झाली, बक्षिसं झाली, आभाराची वेळ आली. सर उभे राहिले. त्यांनी मंडपवाल्याचे, लाऊडस्पीकरवाल्याचे, पालकांचे आभार मानले. मग वर्गातल्या त्या स्वच्छ मराठीत, आवाज जराही न चढवता ते म्हणाले, "आजच्या पाहुण्यांचा आणि माझ्या घरचा जुना संबंध आहे. माझे थोरले भाऊ बाळाप्पा मगदूम पाहुण्यांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होते. बाळू आचारी म्हणायचे त्यांना. ते घरी आलेले नाहीत. त्यांचं पुढं काय झालं, हे पाहुण्यांनी आज इथं सांगावं, अशी मी सर्वांच्या वतीनं विनंती करतो."

सबंध हॉल हसला.

बाळू आचारी हे नाव कानावर पडलं आणि शेकडो मुलींनी एकदम टाळ्या पिटल्या. मागच्या रांगांतल्या मुली बाकावर उभ्या राहिल्या. पालक हसले, स्टाफ हसला, मुख्याध्यापिका बाईंनी तोंडाला पदर लावला. पाहुण्यांनी एक निमिष सरांकडं रोखून पाहिलं. मग तेही हसले, आणि सगळ्यात शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिले. सर हसू ओसरायची वाट बघत उभे होते. ते ओसरेचना. कुणीतरी राष्ट्रगीत सुरू केलं.

नंतर मोकळ्या हॉलमध्ये ते एका बाकावर बसलेले सापडले. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "पोरींचा काय दोष न्हाई, मॅडम. त्यांला मीच हसायला शिकवलंय."

महिन्याभरात त्यांची बदली आली. संस्थेची एक शाळा गगनबावड्याला होती, तिथं. पावसात चार महिने भिंती ओल्या राहणारी ती शाळा म्हणजे शिक्षाच, असं सगळे म्हणाले. पोवार सर वर जाऊन भांडायला तयार झाले. मगदूम सरांनी त्यांना थांबवलं. सामानाची ट्रंक बांधताना ते मला म्हणाले, "अण्णाला हुडकायला मला रविवार तेवढा मिळत व्हता. आता रोज मिळंल." आवाजात राग नव्हता. त्याचीच मला भीती वाटली. प्रकाशकांना त्यांनी दोन ओळी पाठवल्या की कादंबरी अपुरी आहे, वाट बघू नये. अव्वांना त्यांनी बरोबर नेलं.

मग बरीच वर्षं भेट नाही. शाळेत नवे शिक्षक आले, भिंतींना रंग लागला. साहेब वारले तेव्हा शहर बंद होतं आणि चौकाचौकात त्यांचे हार घातलेले फोटो होते. त्या दिवशी मला एकसारखी सरांची आठवण येत राहिली.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतर एका श्रावणात भाचीच्या सासरी कोकणात निघाले होते. एसटी गगनबावड्याच्या स्टँडवर थांबली. भर दुपारी धुकं इतकं, की समोरची टपरीही विरघळल्यासारखी दिसत होती. चहाला उतरले तर छत्री मिटून कुणीतरी जवळ आलं. केस पांढरे, खांदे आणखी वाकलेले.

"मीठ बरोबर पडतंय न्हवं आता?" मगदूम सर म्हणाले.

आम्ही टपरीच्या पत्र्याखाली उभे राहिलो. अव्वा गेल्या होत्या. मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं. शेवटपर्यंत ते वाचून दाखवत होते. आजारपणात तर रोज एक प्रकरण. एका संध्याकाळी बाळूला मारायचा ठराव नेहमीसारखा पुढं ढकलला गेला, आणि त्यांनी कागद मिटला. तेव्हा अव्वांनी त्यांचा हात धरला.

"साकु, कल्लू, म्हणाली. पुरे आता. मला कवाच कळलंय. तुला कळलं न्हवतं, म्हणून ऐकत बसले. किती वर्सं त्याला चुलीपुढं बसवशील? दमला असंल. निजू दे त्याला."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. साहेब गेल्याचं कळलं का, एवढंच मी विचारलं.

"श्रद्धांजलीला मुलांच्या रांगेत मान खाली घालून उभा व्हतो की," ते म्हणाले. "अण्णाचं काय झालं ते ठावं असलेला एकच माणूस व्हता, मॅडम. तोबी गेला. बंगल्याला कुलूप हाय."

आता लिहिता का, असं मी विचारलं. ते नाही म्हणाले. ऐकणारं कुणी उरलं नाही, आणि अव्वाचा शब्द मोडवत नाही. तिनं निजू दे म्हटलंय. ते हे सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा इतका निवांत होता, की मला वाटलं, सुटला बिचारा माणूस एकदाचा.

कंडक्टरनं घंटी दिली. मी खिडकीशी जाऊन बसले. इतक्यात कोकणातून वर आलेली एक गाडी शेजारी लागली आणि तिच्यातून एक म्हातारा उतरला. रुंद पाठ, डोक्याला टॉवेल, खांद्यावर बोचकं. तो आमच्याकडं पाठ करून धुक्यात चालायला लागला.

खिडकीबाहेरून माझ्याशी बोलता बोलता सर थांबले. छत्री स्टँडच्या बाकावरच राहिली. भिजत, झपाझप चालत ते त्या माणसाच्या पुढं गेले, वळले आणि त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. म्हातारा गोंधळून उभा. त्यांनी त्याला काहीतरी विचारलं, त्यानं नाही अशी मान हलवली.

आमची गाडी हलली. मी काचेवरची वाफ पुसली. सरांनी त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावरचं बोचकं काढून आपल्या खांद्यावर घेतलं होतं, आणि दोघं गावाच्या दिशेनं चालले होते. म्हातारा काहीतरी सांगत होता. सर मान त्याच्याकडं झुकवून ऐकत होते.